क्वेलियाच्या नोंदी: डोडोमा, डिसेंबर ते जून

१४ डिसेंबर

टांझानियातल्या डोडोमा शहरापासून तासाभराच्या वाटेवर ज्या गावात आमचे ज्वारी-बाजरीचे चाचणी वाफे आहेत, तेथे मागच्या हंगामात बाजरीच्या दोन वाफ्यांतून रिकाम्या कणसांखेरीज काही हाती आले नव्हते, आणि पाखरे नेमकी कधी आली व किती दिवस राहिली याची एक ओळही कोणी लिहून ठेवलेली नव्हती. म्हणून यंदा पिकाच्या वहीशेजारी पाखरांची स्वतंत्र वही ठेवण्याचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी मंगळवेढ्याकडची, ज्वारीच्या राखणीत वाढलेल्या माणसाला यात नवे शिकण्यासारखे फारसे नसावे, अशा समजुतीने मी ते आनंदाने घेतले आहे.

पाखरू म्हणजे लाल चोचीची क्वेलिया. येथील स्वाहिली भाषेत ज्वारीला ‘मतामा’, बाजरीला ‘उवेले’ आणि या पाखराला ‘क्वेलेआ-क्वेलेआ’ म्हणतात. एकटेदुकटे पाहिले तर त्याची धास्ती वाटावी असे त्यात काही नाही: लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, वजन १५ ते २६ ग्रॅम, अंगावर चिमणीसारख्या तपकिरी रेघा आणि लाखेच्या रंगाची आखूड, जाड चोच. कुळ आपल्या सुगरणीचेच. सहाराच्या दक्षिणेला दाट वर्षावने सोडून गवताळ सवानात सर्वत्र त्याचा वावर आहे, आणि विणीनंतरची त्याची संख्या सुमारे १५० कोटी भरत असावी असा अंदाज नेहमी दिला जातो. रानपक्ष्यांत एवढी संख्या दुसऱ्या कोणाची नाही.

आज सकाळी वाफ्यांपलीकडच्या गोरखचिंचेखाली (येथे गोरखचिंचा उपऱ्या नाहीत, त्यांचे हेच माहेर) एक मोठा थवा जमिनीवर चरताना पाहिला. मागच्या वर्षीच्या गवताचे सांडलेले बी टिपत तो पुढे सरकत होता. मागच्या रांगेतल्या पाखरांपुढची जमीन आधीच्यांनी टिपून झालेली असल्यामुळे ती उडून सर्वांच्या पुढे जाऊन बसत, मग त्यांच्या मागची उडत, आणि सबंध थवा गुंडाळलेली सतरंजी उलगडत न्यावी तसा माळावरून लोळत गेला. पंखांचा आवाज पावसाच्या सरीसारखा येतो.

२२ डिसेंबर

तीन दिवस चांगला पाऊस झाला, पेरणी झाली आणि पाखरे नाहीशी झाली. शेजारच्या शेताचे म्झे (येथे वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने म्झे म्हणतात) म्हणाले, “पाऊस आला की ती जातात, हे काय आजचे आहे?” मला मात्र हे उलटे वाटले. सगळीकडे हिरवे होत असताना दाणे खाणाऱ्या पाखराने निघून का जावे?

उत्तर पक्षी-अभ्यासक पीटर वॉर्ड यांच्या कामात सापडले. त्यांनी १९६०च्या दशकात नायजेरियात, चाड सरोवराच्या परिसरात या पाखराचा पाठपुरावा केला होता. कोरड्या ऋतूत क्वेलिया जमिनीवर पडलेल्या गवताच्या बियांवर जगते. पहिला दमदार पाऊस पडताच हे सर्व बी एकदम रुजते, म्हणजे आपल्याला जी हिरवळ दिसते ती तिच्या दृष्टीने रिकामे झालेले कोठार असते. नवे बी धरायला काही आठवडे लागतात. तोवर तग धरण्यासाठी ती अंगात चरबी साठवते आणि पावसाची आघाडी ओलांडून, जेथे पाऊस आधीच होऊन गेला आहे व नवे बी पिकू लागले आहे, अशा मुलखात जाऊन उतरते. पुढे तेथून ती पावसाच्याच वाटेने मागे येते आणि वाटेत जेथे बी तयार असेल तेथे वीण करते. काही पाखरे एकाच हंगामात एका जागी वीण उरकून दुसऱ्या जागी पुन्हा खोपे बांधतात.

वहीत आजपासून एक रकाना वाढवला: गवताची अवस्था. दर आठवड्याला वाफ्यांभोवतीच्या माळावर ठरलेल्या पाच जागी गवत रुजले, निसवले, दाणा भरला की बी सांडले, एवढेच लिहायचे.

९ जानेवारी

पाखरे नाहीत. खुरपणी चालू आहे.

संध्याकाळी वाचनात एक गंमत सापडली. लिनियसने १७५८ साली या पाखराला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याचे वसतिस्थान ‘भारत’ असे लिहिले होते. ती चूक पुढे दुरुस्त झाली आणि सेनेगल हे मूळ ठिकाण मानले गेले. त्या वेळी दूरदेशीच्या मालाची सरमिसळ होतच असे. तरीही हिंदुस्थानात एकदाही न आलेले पाखरू कागदोपत्री काही काळ आपले होते, याची मला उगाचच मजा वाटली.

२ फेब्रुवारी

पाऊस मध्ये दोन आठवडे रुसल्यामुळे तीन वाफे दुबार पेरावे लागले होते. ते बाकीच्यांपेक्षा साधारण अठरा दिवस मागे आहेत. माळावर वरई-सावाच्या जातकुळीतली गवते निसवू लागली आहेत. बांधालगतचा गवताचा पट्टा कापून टाकण्याची सूचना होती, कारण गवत ठेवले तर पाखरांना आमंत्रण मिळते असा समज आहे. मी तो यंदा तसाच ठेवण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पाखरांच्या लेखी दाणा गवताचा असो की पेरलेला, आधी कोणता भरतो आणि कोणता संपतो हे पाहायचे आहे.

२७ फेब्रुवारी

आली. पहाटे बांधावरच्या बाभळींवर दोन-तीनशे पाखरे होती आणि नरांचा वेष ओळखू न येण्याइतका पालटला होता. चोचीभोवती काळा मुखवटा, त्याच्या कडेने माथ्यावर आणि छातीवर गुलाबी ते पिवळसर छटा; काहींचा मुखवटा मात्र काळ्याऐवजी चक्क पांढुरका. दुर्बिणीतून पाहिलेल्या कोणत्याही दोन नरांचे चेहरे सारखे नव्हते.

इतर बहुतेक पक्ष्यांत नराच्या रंगाचा भडकपणा हा त्याच्या धडधाकटपणाचा पुरावा मानला जातो. जेम्स डेल यांच्या अभ्यासात क्वेलियाच्या बाबतीत तसा संबंध आढळला नाही. चेहऱ्यावरचे हे वैविध्य ओळख पटण्यासाठी असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हजारो खोपे एकमेकांना चिकटून असतील तेथे शेजारी कोण आणि परका कोण हे कळले नाही, तर प्रत्येक नराला दिवसभर प्रत्येकाशी भांडत बसावे लागेल.

गवताचा रकाना: पाचपैकी चार जागी दाणा चिकात.

६ मार्च

म्झे यांच्या नातवाने वसाहत दाखवली. गावापासून दीड तास चालल्यावर एका कोरड्या ओढ्याच्या काठाला काटेरी बाभळींचे रान आहे आणि त्यातले प्रत्येक झाड आज हलत होते. चार दिवसांपूर्वी येथे काहीही नव्हते, असे तो मुलगा शपथेवर सांगतो, आणि पाखराची रीत पाहता त्याच्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. सारी वसाहत एकाच वेळी कामाला लागते आणि खोपा बांधायला नराला अवघे दोन-तीन दिवस लागतात.

आपला सुगरण पक्षी खोप्यावर अडीच आठवडे खपतो आणि त्याला झुलती नळीही लावतो. क्वेलियाला तेवढी सवड नाही. तिचा खोपा म्हणजे हिरव्या गवताच्या पात्यांचा गोळा: उंची सुमारे १८ सेंटिमीटर, रुंदी १६, आणि बाजूला वरच्या अंगाला आत शिरण्यापुरते तोंड. नर आधी दोन डहाळ्यांना पाती गुंडाळून त्यांच्यामध्ये एक कडे विणतो. मग त्या कड्यात उभा राहून, जागा न सोडता, चोच पोचेल तेथवर मागे-पुढे विणत जातो. खोप्याचा आकार म्हणजे त्या पाखराच्या मानेचा आवाका, असे म्हटले तरी चालेल. एका नराला मी अर्धा तास पाहत होते. पात्याचे टोक चोचीने आत खुपसायचे, सोडायचे, दुसऱ्या बाजूने पकडून ओढून घ्यायचे, अशी त्याची पद्धत होती. गोधडीला टाके घालणाऱ्या हाताची चाल तंतोतंत हीच असते. पात्याचा हिरवेपणा महत्त्वाचा आहे, कारण वाळलेले पाते वाकवले की मोडते. वीण पावसाशी बांधलेली असण्याचे हेही एक कारण आहे.

कडे अर्धेमुर्धे झाले की माद्या येऊन पाहणी करू लागतात. पसंत पडले तर मादी आत बसते आणि नर उरलेले काम तिच्या देखत पुरे करतो. सुगरणीचा नर एका मादीची व्यवस्था लागली की दुसरीसाठी नवा खोपा सुरू करतो. क्वेलियाची जोडी बहुधा त्या विणीपुरती एकमेकांचीच असते. (मराठीने या कारागिराला ‘सुगरण’ असे बाईचे नाव दिले, हे नराच्या दृष्टीने अन्यायाचेच आहे.)

एका मध्यम बाभळीवरचे खोपे मोजायला घेतले आणि एकशे चाळीसनंतर नाद सोडला. एकाच झाडावर पाचशेहून अधिक खोपे असल्याच्या नोंदी आहेत आणि मोठ्या वसाहती शंभर हेक्टरांवरही पसरतात. ही वसाहत तशी लहानच आहे. तिच्यापासून आमचे वाफे सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर भरतात, ही गोष्ट मात्र मी आज चहाच्या वेळी कोणाला सांगितली नाही.

१३ मार्च

अंडी: बहुतेक खोप्यांत तीन, फिकट निळसर-हिरवी. माद्यांची लाल चोच आता मेणासारखी पिवळी झाली आहे. हा मादीच्या शरीरातल्या संप्रेरकांचा परिणाम असून वीण संपली की चोच पुन्हा लाल होते.

पीटर जोन्स आणि वॉर्ड यांनी १९७६ साली दाखवून दिले होते की, मादी अंड्यांसाठी लागणारे प्रथिन बरेचसे आपल्या छातीच्या स्नायूंतून काढून देते. अंडी कधी घालायची आणि किती, हे त्या साठ्यावर ठरते. आठवडाभर कीटक आणि चिकातले गवत खाऊन अंगात जमवलेले मांस ती तीन दिवसांत अंड्यांत उतरवते. म्झे यांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे आमच्या बायकांसारखेच.”

उबवणे दिवसा दोघे आळीपाळीने करतात, रात्री मादी एकटी.

२३ मार्च

पिले निघाली. अंडे फुटायला नऊ-दहा दिवस पुरतात. पहिले काही दिवस आईबाप सुरवंट आणि इतर किडे आणून भरवतात, नंतर बियांवर येतात. त्यामुळे या आठवड्यात शेतातल्या अळ्या हे पाखरू टिपत असल्याचे मी स्वतः पाहिले आणि लिहूनही ठेवले. नुकसानीचा हिशेब मांडताना हा रकाना सहसा कोरा राहतो.

वसाहतीवर मेजवानी चालू आहे. माराबू करकोचे झाडांखाली फेऱ्या मारून पडलेली पिले उचलत होते. एकाने तर खालच्या फांदीवरचा खोपाच चोचीने फाडला. आपल्या माळरानांवर दिसतो तोच पिंगट गरुड येथेही आहे, आणि त्याच्यासारखा देखणा पक्षी ओंजळभर पिलांसाठी बाभळीत झटापट करताना पाहणे फारसे शोभादायक नव्हते. ओढ्याच्या काठाने साप आणि घोरपडीही आल्या आहेत. एवढे सगळे खाऊनही वसाहतीवर परिणाम दिसत नाही, कारण सर्व पिले एकाच आठवड्यात असतात आणि खाणाऱ्यांची पोटे आधी भरतात. वसाहत एकाच दिवशी कामाला लागते तिचा हा फायदा.

वाफे: वेळेवर पेरलेली ज्वारी फुलोऱ्यातून बाहेर, दाणा धरू लागला. दुबार पेरलेली अजून पोटरीत.

५ एप्रिल

गेले तीन दिवस राखण सुरू आहे. पिले दहा-अकरा दिवसांची झाली की खोपा सोडून फांद्यांवर येतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आईबापांपासून सुटलेल्या, उडता येते पण कोठे जावे ते कळत नाही अशा हजारो पाखरांची लाट वसाहतीभोवतीच्या मुलखावर पसरते. पिकाचे खरे नुकसान बहुतांशी ही लाट करते.

ज्वारीचा दाणा चिकात असतो तेव्हा पाखरू तो चोचीत पिळून दूध घेते आणि साल टाकते, त्यामुळे जितके खाते त्याहून जास्त नासते. एका पाखराचे रोजचे खाणे सुमारे १० ग्रॅम धरतात. दहा लाखांचा थवा असेल तर दिवसाला दहा टन. मक्याचा दाणा तिच्या चोचीला मोठा पडत असल्याने म्झे यांचा मका निर्धास्त उभा आहे. आफ्रिकेत ज्वारी-बाजरी सोडून लोक मक्याकडे वळले, त्याला हेही एक कारण म्हणून सांगितले जाते. वास्तविक ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही पिके आफ्रिकेतलीच. ती येथून आपल्याकडे आली, पाखरू येथेच राहिले.

राखणीची वेळ पहाटे उजाडल्यापासून ते साधारण दहापर्यंत, आणि पुन्हा तीनपासून अंधार पडेपर्यंत. मधल्या उन्हात पाखरे सावलीत बसतात. गावातली मुले डबे बडवतात, लवचिक काठीच्या टोकाला चिखलाचा गोळा लावून भिरकावतात. आम्ही वाफ्यांच्या मध्यावर माळा बांधला. मी वडिलांनी शिकवली होती तशी गोफण करून घेतली आणि पहिला दगड माझ्याच माळ्याच्या खांबावर आदळला, यावर मुलांचे हसणे अजून थांबलेले नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत हात बसला. थवा उठतो, धुराच्या लोटासारखा वळतो आणि पलीकडच्या शेतात उतरतो, म्हणजे आपण वाचवलेला दाणा शेजाऱ्याच्या खात्यावर जातो, हे मंगळवेढ्यातही तसेच होते.

लिहून ठेवण्याजोगी गोष्ट ही की, वेळेवर पेरलेल्या वाफ्यांपेक्षा पाखरे आजही बांधालगतच्या गवतातच अधिक उतरत आहेत. त्या गवताचे बी पिकले आहे पण सांडलेले नाही.

१४ एप्रिल

येथून उत्तरेला कोंडोआ जिल्ह्यात लोक विणलेल्या टोपलीवजा सापळ्यांनी आणि जाळ्यांनी क्वेलिया पकडून खातात व विकतात. चाडमध्येही जाळी लावून मोठ्या संख्येने पकडण्याचा धंदा आहे. आज तिकडून आलेल्या एका बाईंकडून म्झे यांनी पिसे काढलेली एक माळ घेतली. तळून खाल्ली, चव बरी, हाडे फार.

तळण्याआधी मी त्यांच्या गळ्यातल्या अन्नपिशव्या उघडून पाहिल्या. बहुतेकींत गवताचे बारीक बी होते, काहींत थोडी बाजरी, ज्वारी तर एक-दोन पिशव्यांतच. एका माळेवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण गवताचे बी मिळते आहे तोवर क्वेलिया शेताला दुय्यम मानते, हे इतर ठिकाणीही पाहिले गेले आहे, आणि माझा गवताचा रकाना तेच सांगतो आहे.

२१ एप्रिल

गवताच्या पाचही जागी बी सांडले, आणि कालपासून सगळा भार दुबार पेरलेल्या तीन वाफ्यांवर आला आहे. माझ्या मते या हंगामाची सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.

संध्याकाळी धरणाच्या काठी पाणकणसांत पाखरांचा रातथारा पाहिला. सूर्य बुडायच्या सुमारास चारी दिशांनी थवे येतात, पाण्यावर टेकून घोटभर पितात आणि दाटीने आत शिरतात. झोप लागेपर्यंत जो कलकलाट चालतो त्यात बोललेले ऐकू येत नाही. वॉर्ड आणि अमोत्स झहावी यांनी १९७३ साली मांडले होते की, असे रातथारे ही बातम्यांची देवघेव होण्याची जागा असते: काल उपाशी राहिलेले पाखरू पहाटे पोट भरलेल्याच्या मागोमाग निघते. हे मत सर्वांना मान्य झालेले नाही. पण आमच्या शेतावर सोमवारी पन्नास, मंगळवारी पाचशे आणि बुधवारी न मोजता येण्याइतकी पाखरे आली, तेव्हा मला ते पटायला जड गेले नाही.

याच रातथाऱ्यांवर विमानातून फेन्थिऑन हे विष फवारतात. पूर्वी काही देशांत सुरुंग आणि पेट्रोलही वापरले गेले. एका रात्रीत लाखो पाखरे मरतात, आणि त्यांच्याबरोबर पाणकणसांतले इतर पक्षी व मेलेली क्वेलिया खाणारे गरुड-घुबडेही मरतात. एकंदर संख्येवर मात्र याचा टिकाऊ परिणाम झालेला दिसत नाही. गावात यंदा फवारणीची मागणी झाली आहे. ज्याच्या घरात वर्षाची भाकरी याच कणसांतून येते, त्याला मी गरुडाची काळजी कोणत्या तोंडाने सांगावी? मी सभेत काही बोलले नाही. माळेवरची पाखरे खाणाऱ्या गावात विष फवारू नये, एवढे म्झे बोलले.

१२ मे

काढणी झाली. वेळेवर पेरलेल्या वाफ्यांचे नुकसान नजरेत भरण्यासारखे नाही. दुबार पेरलेल्यांपैकी पांढऱ्या दाण्याच्या ‘मासिया’ वाणाची वरची कणसे पार झडली. तांबड्या, कडवट दाण्याचा ‘सेरेना’ बराच टिकला, कारण त्यातले टॅनिन पाखरांना आवडत नाही. पण शेवटच्या आठवड्यात दुसरे काही उरले नाही तेव्हा त्यांनी तेही चालवून घेतले. माणसांनाही ते तसे आवडत नाही, म्हणून त्याची बहुधा दारू होते.

पुढच्या हंगामासाठी शिफारस लिहून दिली: दुबार पेरणीची वेळ आली तर ती ज्वारीने करू नये, बांधालगतचे गवत बी सांडेपर्यंत कापू नये, आणि शेजारच्या सर्व शेतांनी शक्यतो एकाच आठवड्यात पेरावे. म्झे म्हणाले, शेवटची गोष्ट त्यांच्या वडिलांच्या वेळी पाळत असत.

३ जून

वसाहत पुन्हा पाहून आले. सगळे रान मुके आहे. ज्या बाभळींवर पाय ठेवायला जागा नव्हती तेथे करडे, वाळलेले गोळे लटकत आहेत आणि वाऱ्याने एकेक गळतो आहे. विणीसाठी जमलेली गर्दी सहा आठवडेही टिकली नाही.

एक खोपा आणून ओसरीवर उकलला. पाती वाळून ठिसूळ झाल्यामुळे मोजणी नेमकी होऊ शकली नाही, पण सहाशेच्या पुढे गेली. आत अस्तर जवळजवळ नाहीच, आणि विणीतून पलीकडचे दिसते.

उद्या बियाण्याची पोती गोदामात जातील. गोफणीची दोरी एप्रिलमध्येच तुटली होती. येथे घायपात हवा तेवढा आहे, म्झे यांच्या नातवाने त्याची नवी दोरी वळायला घेतली आहे आणि तीन पदरांऐवजी चार पदर घालण्याचा त्याचा हट्ट आहे.